गुळव्याची जीभ

मोठ्या काहिलीतला कढता गूळ निवायला वाफ्यात ओतला की अण्णासो मामा हरभऱ्याएवढा कण बोटावर घ्यायचे, फुंकर मारायचे आणि जिभेवर ठेवायचे. मग डोळे मिटून जीभ टाळूला दाबून धरायचे. तेवढा वेळ गुऱ्हाळात कुणी बोलत नसे. चुलवाणात चिपाडं सारणारा गडीसुद्धा हात आवरायचा. मामांच्या गळ्याची घाटी एकदा वर जायची, खाली यायची, आणि डोळे उघडून ते एकच शब्द बोलायचे, "जमला." दिवसाला चार काहिली निघाल्या तर हे चार वेळा व्हायचं. असे तीस हंगाम गेले.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. घर उचगावात, आणि ओढ्यापलीकडे हंबीररावांच्या गुऱ्हाळात ते गुळव्या. उसाचा रस किती आटवायचा, मळी कधी काढायची, काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. तो क्षण चुकला तर गूळ चिकट राहतो, नाहीतर करपतो.

ऑगस्टच्या शेवटी मामांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय आठवड्यात हलू लागले, बोलणं जड झालं तरी समजत होतं. गिळणं मात्र गेलं. दवाखान्यात नाकातून पोटापर्यंत नळी घातली, आणि तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं.

गुऱ्हाळात सगळ्यांना मिळून पाण्याचा एकच तांब्या. म्हणून तिथे सगळेच वरून पितात, मान मागे टाकून, ओठ न लावता. चौथ्या दिवशी तहानेने कासावीस झालेल्या मामांनी हातानेच धारेची खूण केली. यल्लव्वा मामीला ते बघवेना. तिने त्यांची मान मागे केली आणि तांब्यातून बारीक धार सोडली. मान अशी उताणी असली की पाणी आपोआप सरळ पोटात उतरेल, असं तिला वाटलं. ते उतरलं छातीत. मामांचा चेहरा निळा पडला, रात्री ताप भरला, आणि पुढचे दहा दिवस न्यूमोनियात गेले. मामी त्या दहा दिवसांत स्वतःही धड जेवली नाही.

त्यानंतर आमच्या खाटेजवळ संयोगिता मॅडम आल्या. बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार करणाऱ्या, वयाने तिशीच्या आतल्या, आवाज मात्र बाजारात ऐकू जाईल असा. त्या मामीला रागावल्या नाहीत. त्यांनी मामीचंच बोट तिच्याच गळ्यावर ठेवलं आणि आवंढा गिळायला सांगितलं. मामीने गिळला, बोटाखाली घाटी टुणकन वर उडाली, आणि मामी दचकून माझ्याकडे बघायला लागली.

मॅडमनी मग सगळं सांगितलं. घशात दोन वाटा असतात, पुढची श्वासाची, मागची अन्नाची. आपण गिळतो तेव्हा घाटी वर उचलली जाते, श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं आणि तेवढ्यापुरता श्वास थांबतो. मामांचे स्नायू दुबळे झालेत, त्यामुळे झाकण उशिरा पडतं. पाणी तर पळतं. त्यात मान मागे टाकली की ते आणखी आधी पोचतं आणि श्वासाची वाट उघडीच सापडते.

माझं सगळं शिक्षण भाषेचं. जिभेचा संबंध मी तोवर फक्त बोलण्याशी लावत आले होते. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी वीसेक वेळा तरी आवंढा गिळला आणि दर वेळी गळ्याला हात लावून बघितला.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. मग गिळण्याचा एक्स-रे सिनेमा काढायचा. त्यात जमलं नाही तर पोटाला भोक पाडून कायमची नळी. हे ऐकून मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मग म्या गुळव्या कसला?" एवढंच ते म्हणाले.

व्यायाम सुरू झाले. मुख्य व्यायाम एकच, जीभ वर टाळूला जोर लावून दाबायची आणि धरून ठेवायची. मामांना ते जमेना. जीभ अर्ध्यात उठायची आणि उजवीकडे कलंडायची. मॅडम चमच्याने दाखवायच्या, आरसा धरायच्या, चित्र काढायच्या. सहा दिवस असेच गेले. मामा चिडून डोळे मिटून घ्यायचे, नि मॅडम म्हणायच्या, रुसायचं असेल तर जीभ वर लावून रुसा.

सातव्या दिवशी मामी मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आवं, गूळ चाखतासा न्हवं? तसं करा की."

"तोंडात गूळ कुठं हाय?"

"तीस वर्सं चाखलाय. एक डाव आठवा की."

मामांनी उजव्या हाताचं बोट उचललं, त्या रिकाम्या बोटावर फुंकर मारली, बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटले. हनुवटीखालचं कातडं ताणलं गेलं. मॅडमनी पटकन तिथे बोटं टेकवली आणि आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. जीभ टाळूला लागली होती. ती सरळ होती आणि कलंडत नव्हती. त्या दिवसापासून मामा रोज साठ वेळा गूळ चाखायचे, गुळाशिवाय.

सिनेमाच्या दिवशी मॅडमनी एक्स-रेत काळं दिसणारं पांढरं औषध दोन वाट्यांत कालवलं, एक पाण्यासारखं, एक मधासारखं घट्ट. मामांनी दुसऱ्या वाटीतला चमचा उचलून धार सोडून बघितली.

"तार तुटतीया. काकवीगत पायजे, तर ह्ये पातळ हाय."

"मामा, इथं तुम्ही पेशंट. घट्ट-पातळ मी बघणार."

"बगा की. पर पातळच हाय."

मॅडमनी पुन्हा चमचा बुडवला, हसल्या आणि घट्ट करायची पूड आणखी अर्धा चमचा घातली.

काचेमागे मी आणि मामी उभ्या होतो. पडद्यावर मामांच्या डोक्याची एक बाजू दिसत होती, जबडा, मानेचे मणके आणि मधे जिभेची फिकट टेकडी. पहिला चमचा पातळाचा. जीभ हलली, पण औषधाची काळी धार तिच्याआधीच घसरली आणि एक बारीक रेघ श्वासाच्या वाटेकडे वळली. मामा खोकले. मामीने माझं मनगट धरलं ते सोडलं नाही.

दुसरा चमचा घट्टाचा. मॅडमनी सांगितलं, हनुवटी खाली, छातीकडे. मामांनी मान वाकवली आणि डोळे मिटले.

जिभेच्या कडा वर आल्या, मधे खळगा झाला आणि त्यात औषध गोळा झालं. टोक वरच्या दातांमागे रुतलं. मग पुढून मागे लाट सरकावी तशी ती टाळूला चिकटत गेली. मागचा मऊ टाळू उचलला गेला, नाकाकडची वाट मिटली. घाटी वर आणि पुढे झेपावली, झाकण आडवं झालं, घशाच्या भिंती वरून खाली आवळत गेल्या, तळाचं दार उघडलं आणि काळा गोळा त्यातून खाली निघून गेला. श्वासाची वाट कोरी होती. या सगळ्याला एक सेकंदही लागला नव्हता.

मॅडमनी तोच तुकडा परत हळू लावला. काचेमागे येऊन मामांनीही बघितला. आपलीच जीभ आपल्यासमोर काम करताना बघून ते पडद्याकडे वाकले, आणि जिभेवर गोळा धरला गेला त्या जागी त्यांनी बोट टेकवलं.

"जमला," मामा म्हणाले.

मामी तिथेच खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

शनिवारी नळी निघाली. तोंडातून पहिला घास काकवीचा, गेल्या हंगामातल्या बरणीतला. मग गुरगुट्या भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. कोरडी भाकरी यायला दिवाळी उजाडली. जीभ घास दाढांवर ढकलते, लाळेत कालवते, परत मधे ओढून त्याचा गोळा करते, हे मामा आता आल्यागेल्याला समजावून सांगायचे. पाणी ते वाटीतून प्यायचे, हनुवटी खाली घेऊन, घोट घोट. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं. पहिल्या काहिलीला हंबीररावांनी स्वतः गूळ लागलेलं उलथनं मामांपुढे केलं, आणि गुऱ्हाळ पुन्हा तेवढा वेळ गप्प झालं.

मामा त्यानंतर तीन हंगाम गुळव्या राहिले. गेल्या माघात एका दुपारी जेवून पडले ते झोपेतच गेले. त्या दुपारचं मामी सांगते. ताटात भाकरी होती आणि वांग्याचं भरीत. सावकाश चावून त्यांनी शेवटचा घास गिळला, वाटीतलं पाणी प्यायले आणि तिला विचारलं, "आनखी अर्धी हाय काय गं?"