डेलबर्टचं इंजिन

हॉलिस टॅकेटच्या बोटांतला जीव केंटकीच्या डोंगराखालीच राहिला होता. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत त्यानं छताला भोकं पाडायचं यंत्र धरलं आणि त्या थरथरीनं बोटं हळूहळू बधिर केली. शर्टाची बटणं लावून होईस्तोवर कॉफी निवते, असं तो स्वतःच हसून सांगायचा. हसायला लागला की समोरच्यालाही हसवल्याशिवाय सोडत नसे, असा दिलदार गडी.

तो आणि धाकटा भाऊ डेलबर्ट, दोघं मिळून शर्यतीची इंजिनं बांधत. वाटणी ठरलेली होती. इंजिनाचं खालचं काम डेलबर्टचं, वरचं हॉलिसचं. शेवटच्या हिवाळ्यात डेलबर्टनं एक इंजिन खालून पुरं केलं. आठही पिस्टन तराजूत तोलून, कानशीनं घासून एका वजनाचे केले. वर बसवायला ॲल्युमिनियमचा नवा मॅनिफोल्डही मागवला. आठही सिलिंडरांना हवा आणि पेट्रोल वाटून देणारा तो भाग. खोकं आलं आणि त्याच आठवड्यात, मार्चमध्ये, डेलबर्टचं हृदय थांबलं.

खोकं सप्टेंबरपर्यंत तसंच पडून राहिलं. मग एका शनिवारी डेलबर्टची बायको व्हेल्मा घडीची खुर्ची आणि डुकराचं मांस भरलेली मऊ, पावासारखी बिस्किटं घेऊन हॉलिसच्या गॅरेजच्या दारात येऊन बसली.

"त्याच्या हयातीत मी या आवाजाला शिव्याच घातल्या," ती म्हणाली. "आज ऐकायला आलेय. लाव ते काय लावायचं ते."

मदतीला खाणीतला जुना सोबती कॉय होता. मदत म्हणजे, त्याची जीभ. हॉलिस साखळीला टांगलेलं इंजिन शर्यतीच्या गाडीत उतरवत होता.

"सरळ खाली सोड, हॉलिस! शवपेटी उतरवतोयस का?"

"तुझी उतरवताना याहून जोरात सोडीन."

व्हेल्मासुद्धा हसली.

सांधा बंद करणारी जुनी गॅस्केटची पट्टी खरवडून झाली, कडांना सिलिकोन लावून झालं. शेवटी हॉलिसनं, आत काही पडू नये म्हणून सिलिंडरांच्या तोंडांत कोंबलेल्या चिंध्या काढल्या. पाहुण्यांना दाखवावं तसं खोक्यातले चकचकीत बोल्ट-वॉशर त्याला हातात घेऊन मिरवायचे होते. तेवढ्यात एक वॉशर बोटांतून निसटला. निसटलेला त्याला कळलाच नाही. बारीकसा 'टिंग' तेवढा ऐकू आला.

"कुठं पडला?"

"खाली असेल," कॉय म्हणाला.

हॉलिसनं लांब दांडीचं चुंबक घेतलं आणि आठही तोंडांत, प्रत्येक कोपऱ्यात फिरवलं. चाळीस वर्षं हेच केलं होतं. हरवलेलं लोखंड चुंबकाला आपण होऊन येऊन चिकटतं. या वेळी काहीच चिकटलं नाही. जमिनीवर भुसा होता, तो त्यानं दोनदा उपसला. तिथंही नाही.

"चुंबक खोटं बोलत नाही, बाबा," कॉय म्हणाला. "त्या भुशात तर गेल्या वर्षी माझी कवळीही गेली. बसव आता, ती बाई सकाळपासून ताटकळलीय."

खोक्यात जादा आलेल्या दोनांपैकी एक वॉशर घालून हॉलिसनं मॅनिफोल्ड बसवला. मधले बोल्ट आधी, मग बाहेरचे. सिलिकोन सुकेपर्यंत तिघांनी बिस्किटं खाल्ली. मग त्यानं गाडीत बसून किल्ली फिरवली.

इंजिन एका दमात लागलं. असा एकसारखा, भरलेला आवाज त्या गॅरेजनं पूर्वी ऐकला नव्हता. व्हेल्मानं खुर्चीचे हात घट्ट धरले. तिचा चेहरा पाहून हॉलिसनं पेडलवर पाय किंचित दाबला, थोडं आणखी ऐकू यावं म्हणून.

ठणठण सुरू झाली. आतून कुणी हातोडी मारत होतं. त्यानं झटकन किल्ली बंद केली, पण बंद होता होताही तीनचार घाव बसलेच.

हॉलिसनं एकेक स्पार्क प्लग काढला. सहाव्याचं टोक ठेचून सपाट झालं होतं. त्यानं खोक्यातला उरलेला नवा वॉशर उचलून चुंबकाला लावला. सोडल्याबरोबर तो भुशात पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. न गंजणारं ते चकचकीत स्टील होतं. त्याला चुंबक लागतच नाही.

प्लगच्या भोकातून त्यानं सिलिंडरात बॅटरी मारली. पिस्टनचा माथा फुटला होता आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती.

कॉयनं मित्राची बाजू सावरली. "पिस्टनच कच्चा असेल. डेलबर्टची तब्येत तेव्हा बरी नव्हतीच की."

व्हेल्मानं मान वर केली. "हॉलिस, त्याचं काही चुकलं का रे?"

हो म्हटलं असतं तर कुणी खोदून विचारलं नसतं. शर्यतीच्या मैदानावरही लोकांनी मान हलवून ते पटवून घेतलं असतं.

"नाही," हॉलिस म्हणाला. "त्याचं सगळं बरोबर होतं. माझ्या हातून वॉशर आत पडला. मी फोडलं ते."

"दुरुस्त होईल ना?"

"इंजिन होईल. पण खालचं सगळं दुसरं आणून, दुसऱ्या कुणाच्या हातचं."

व्हेल्मा उठली, खुर्ची मिटून बगलेत धरली आणि जाताना त्याच्या खांद्याला हात लावला. तो हात खांद्यावर असताना तरी रडू यावं असं त्याला फार वाटलं. ते आलं नाही. तो इंजिनावर वाकला आणि मघाशी घट्ट केलेले बोल्ट बाहेरून आत, उलट्या क्रमानं, एकेक सैल करू लागला.