सासूबाईंची अपॉइंटमेंट

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची अंगं चोळली. मुकुटबनजवळच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांत मूल जन्मलं की पहिलं बोलावणं त्यांनाच. शेतात कापूस फुटलेला असो की तूर कापायला आलेली, हातातलं काम टाकून त्या जायच्या आणि बाळाला, बाळंतिणीला तेल लावून, शेकून, न्हाऊ घालूनच परत यायच्या.

माझ्या दोन्ही बाळंतपणांत मीही त्यांच्या हाताखालून गेले आहे. त्यांचा अंगठा माझ्या पोटरीत शिरला की मला माहेर दिसायचं. "आई गं" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बोंबलू नको. आता सोसशीन तं म्हातारपणी चालशीन."

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांनाच मालिश करून घ्यायला सांगितलं तेव्हा मला थोडा आनंद झाला. कबूल करते.

झालं असं, की वेचणी संपता संपता त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंतही जाईना. अंबाडा घालता येईना म्हणून त्या चार दिवस वेणीवर राहिल्या आणि पाचव्या दिवशी आमच्याकडे पांढरकवड्याला आल्या. मी इथे एका शाळेत क्लार्क आहे. दोन दिवस रजा टाकली आणि त्यांना यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, हाडाला काही नाही, स्नायू आखडलेत. व्यायाम करा आणि एखाद्या शिकलेल्या माणसाकडून मालिश करून घ्या.

'शिकलेल्या' हा शब्द त्यांना लागला. परतीच्या एस.टी.त त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शिकलेल्या म्हंजे? मी का आडाणी हावो?"

"आई, स्वतःच्या पाठीला स्वतःचा हात कसा पोचेल?"

"भितीले घासीन."

"ती म्हशीची पद्धत आहे."

त्यांनी पिशवी उचलून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

मी यवतमाळच्याच एका मालिश केंद्रात फोन करून मंगळवारी अकराची वेळ घेतली. पलीकडून सांगण्यात आलं, दहा मिनिटं आधी या, सैल कपडे घाला, पोटभर जेवून येऊ नका. सासूबाईंनी ठेवणीतलं काठाचं लुगडं नेसलं, कारण चारचौघांत जायचं होतं. दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, कारण "रिकाम्या पोटी मार कोण खाईन?" आणि पिशवीत स्वतःची बाटली घेतली. लसूण आणि ओवा टाकून कढवलेलं तिळाचं तेल. बाटलीचं बूच घट्ट होतं, तरी अख्ख्या एस.टी.ला कळलं.

एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. मालिश करणारी मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. केस ओढून बांधलेले, हातात बांगडी नाही, अंगठी नाही. ती "या आजी" म्हणाली, तोवर सासूबाईंनी तिचा हात धरून उलटा केला आणि बोटं तपासली.

"नखं तं कापेल हायेत," त्या मला म्हणाल्या. पहिला पेपर ती पास झाली.

मग तिने त्यांची परीक्षा घेतली. फॉर्म काढून एकेक विचारत गेली: बीपी आहे का, शुगर आहे का, कधी ऑपरेशन झालं का, कोणत्या तेलाने अंगावर पुरळ येतं का. सासूबाईंना वाचता येतं, हे तिला माहीत नव्हतं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हा रकाना काहून सोडला?"

मुलगी जरा लाजली. "आजी, तो... गरोदर आहात का, असा आहे."

"मंग लिव्ह ना, नाही म्हून. सून बसेल हाय साक्षीले."

बाटलीचा प्रश्न तिने हुशारीने सोडवला. बूच उघडून वास घेतला, डोळ्यांत आलेलं पाणी परतवलं आणि म्हणाली, "तेल एक नंबर आहे, आजी. पण हे लावलं तर माझी बारा वाजताची बाई जिन्यातूनच परत जाईल." सासूबाईंनी त्यातला 'एक नंबर' तेवढा घेतला आणि बाटली पिशवीत ठेवली.

खरी अडचण पुढे आली. ती म्हणाली, "मी बाहेर थांबते. तुम्हाला जेवढे कपडे काढायला बरं वाटेल तेवढेच काढा, पालथं झोपा आणि ही चादर अंगावर घ्या. मी जिथे काम करेन तेवढाच भाग उघडा करेन. कपडे नाही काढले तरी चालतं, वरूनही करता येतं."

ती गेली आणि सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मले काहून इचारते ते?"

"तुमचं अंग आहे म्हणून."

त्यांनी हे जरा वेळ मनात घोळवलं. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला असं विचारलेलं नव्हतं. शेवटी लुगडं तसंच ठेवून चोळीची गाठ सोडली आणि माझ्या आधाराने त्या टेबलावर चढल्या. मला बाहेर जायला त्यांनी सक्त मनाई केली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

"या टेबलाले भोक काहून हाय?"

"तोंड ठेवायला, आजी," आत येत ती मुलगी म्हणाली. "मान सरळ राहते, श्वास घेता येतो."

त्यानंतरचं सगळं संभाषण त्या भोकातून, जमिनीकडे तोंड करून झालं. पहिला शेरा आला: "फरशी साफ हाय."

मुलीने हातावर तेल घेऊन ते चोळून कोमट केलं आणि मानेपासून सुरुवात केली. "जोर जास्त वाटला तर सांगा."

"लावशीन तवा सांगीन ना."

ती हसली. पाच-सहा मिनिटं ती नुसती पाठ मोकळी करत राहिली. मग तिचा अंगठा उजव्या खांद्यामागच्या हाडाखाली एका जागी थांबला आणि आत गेला.

"अवं माय वं!"

बोंबलू नका, आता सोसाल तर पुढे चालाल... अख्खं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. बावीस वर्षं जपलेलं. पण त्या मुलीने तेवढ्यात हात हलका केला होता.

"थांबली काहून?" भोकातून आवाज आला.

"दुखलं ना तुम्हाला. मी बाजूने येते."

"दुखलं म्हून कोणी थांबते का?"

"मी थांबते, आजी."

मी खुर्चीतून वाकून सासूबाईंकडे पाहिलं. चादरीबाहेर आलेली त्यांची बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती. ती एकेक करून सैल होत गेली. माझं वाक्य मी गिळलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कुठची वं तू?"

"ढाणकीकडची. तांड्यावरची."

"तुही याडी करते का मालीस?"

'याडी' म्हणजे बंजारा बोलीत आई. आमच्या गावाजवळच्या तांड्यावरही सासूबाई लेकरं न्हाऊ घालायला जायच्या, तिथे तो शब्द त्यांनी उचललेला. मुलीचे हात क्षणभर थांबले आणि ती मोकळं हसली. "नाही आजी, ती शेतीच करते. मी नागपूरला जाऊन शिकले. याडी म्हणते, एवढं शिकली आन लोकांचे पाय दाबते."

"तिले म्हण, मले भेट."

खांद्याचं काम झालं तरी दहा मिनिटं उरली होती. तिने विचारलं, पायांना तेल लावू का? सासूबाईंनी पाय चादरीत ओढून घेतले. लेकीबाळीने पायाला हात लावू नये, असं आमच्याकडे मानतात. पण ती "हे माझं कामच आहे" म्हणून उभी राहिली, तेव्हा एक पाय हळूच बाहेर आला.

टाचेवर भेगा होत्या, आणि भेगांत धुऊनही न जाणारी काळी माती. ती मुलगी दोन्ही हातांत ती टाच धरून सावकाश अंगठे फिरवत होती. बावीस वर्षांत मी या पायांना फक्त सणावाराला हात लावला होता, तोही पदर सावरत, घाईघाईत. मी खिडकीकडे बघायला लागले. जरा वेळाने खोलीत घर्र-घर्र असा आवाज यायला लागला. मला आधी पंखा वाटला.

वेळ संपल्यावर मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उठवलं. "एकदम उठू नका. कुशीवर व्हा, मग बसा."

"मी झोपली नोती," सासूबाई म्हणाल्या. "डोये मिटून पाहून राह्यली होती, तू कुठं चुकतं ते."

"मग? काय चुकलं?"

"सापडलं नाही अजून."

तिने कोमट पाणी दिलं, उद्यापर्यंत अंग ठणकेल म्हणून सांगितलं, आणि घरी करायचा व्यायाम दाखवला: भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी चालवत हात वर न्यायचा. सासूबाईंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. "पाह्य, भितच कामाले आली."

आम्ही चार मंगळवार गेलो. तिसऱ्या खेपेला त्या मुलीनेच एक अडचण काढली. तिच्या बहिणीचं बाळ संध्याकाळी रडून रडून निळं होतं. सासूबाईंनी टेबलावरची उशी उचलली, मांडीवर आडवी घेतली आणि उशीच्या पोटावरून तळहात गोल फिरवून दाखवला. मुलीने मोबाइलवर व्हिडिओ घेतला. बाळाला लसणाचं तेल लावावं की नाही, यावर दोघींची बरीच चर्चा झाली. ती मुलगी ऐकली नाही. सासूबाईही ऐकल्या नाहीत.

चौथ्या खेपेनंतर हात डोक्यापर्यंत जायला लागला. पूर्ण वर अजून जात नाही, पण अंबाडा होतो. त्या गावी परतल्या तेव्हा मीही सोबत होते. ओसरीवर शेजारणी जमल्या. यवतमाळात काय करतात, सगळ्यांना ऐकायचं होतं. सासूबाईंनी सांगितलं की आधी कागदावर परीक्षा घेतात, मग जमीन दिसते, आणि ते करणारी पोट्टी नागपुरात शिकेल असली तरी हाताले चांगली हाय.

"झोप येते म्हणतात," एक जण म्हणाली.

"ज्याले येते त्याले येते," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहा ठेवायला आत गेले.

त्या मुलीचा त्यांना अधूनमधून फोन येतो. मी गावी असताना आला की त्या दार लोटून घेतात आणि अर्धा-अर्धा तास बोलतात. मी विचारलं तर म्हणतात, आमच्या धंद्याचं हाय, तुले नाही समजणार.