नवीकोरी हार्ड डिस्क

कॉम्प्युटर लाइनमधले आम्ही जुने लोक जळगावात चहाला बसलो की एकाने डिस्कचं नाव काढायचा अवकाश, प्रत्येकाच्या पोतडीतून एकेक किस्सा निघतो. आता हसतो. तेव्हा हसायची सोय नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या दुकानाचे मालक भाऊ मुंबईहून वापरलेल्या हार्ड डिस्क आणायचे. पेट्रोलने पुसायचं, नवं स्टिकर, चंदेरी पिशवी, झाली नवी! विकायचे भाऊ, बसवायला जायचो मी. म्हणजे पकडलं गेलं तर मार कुणाला, हे ठरलेलंच. एकदा मी तोंड उघडलं, तर म्हणाले, नोकरी नको असेल तर सांग. माझं नुकतंच लग्न झालं होतं.

चाळीसगावच्या एका डॉक्टरांकडे मशीन चालू केलं, तर पडद्यावर सुरतच्या कुठल्याशा लॉजचं नाव झळकलं. डिस्कवरची आधीच्या मालकाची माहिती पुसायची राहिली होती. कंपनीने टेस्टिंग केलं असेल, असं काहीतरी बोललो. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कंपनी लॉजवर उतरली होती का?"

धुळ्यात एका आडत्याकडे डिस्क सुरू होताच खडखडायला लागली. नवी मोटरसायकलसुद्धा आधी आवाज करते, असं मी ठोकून दिलं. आडत्याचे वडील, आबा, कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. "हाई नवं नही शे, भो," एवढंच बोलले आणि पुन्हा कातरायला लागले. बस स्टँडपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.

एकदा दुकानात खाकी कपड्यातला माणूस शिरला. धाड पडली म्हणून भाऊ मागच्या दाराने अनवाणी पळाले. तो निघाला वरणगावचा वॉचमन, फ्लॉपी घ्यायला आलेला. त्याला फ्लॉपी देऊन मी भाऊंच्या चपला मागच्या दाराशी नेऊन ठेवल्या.

पण एरंडोलचे नाना ते नानाच. कापसाच्या जिनिंगचे मालक, रागावले की हमालसुद्धा ट्रकमागे लपायचे. नवं यंत्र पूजेशिवाय सुरू करायचं नाही, हा त्यांचा नियम. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. मी कॉम्प्युटरच्या डब्याकडे बोट दाखवलं. नाना म्हणाले, डब्याला नको, आतल्या मेंदूला लावायचं.

डिस्क काढून त्यांच्या तळहातावर ठेवावीच लागली. कुंकवाचं बोट टेकवणार, तोच नाना थांबले. डिस्क उजेडात तिरपी धरली. कडेच्या स्क्रूच्या भोकात वाळलेलं कुंकू होतं, आणि त्याला चिकटलेला एक अक्षतेचा दाणा.

अक्का वाकून बघत म्हणाल्या, "आपन ते कुंकू आजून लायेलच नही."

नानांनी डिस्क हळूच टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघत अक्कांना म्हणाले, "ताट ठेव. दारनी कडी लाव."