पांढऱ्या रंगाखालचा रंग

मंडळी, आज दुपारी एक जुनं भांडण मी हरलो. घरात सांगायले कोणी नाई, म्हणून इथी लिहून राह्यलो.

बाबांची जुनी अँबेसिडर बल्लारपूर रोडवर पेंटिंगले टाकली आहे. आम्ही भाऊ लहान होतो तेव्हाच बाबांनी तिले पांढरा रंग मारला. त्याआधी ती निळी होती, असं माझं म्हणणं. दादा म्हणे, हिरवी. चाळीस वर्षं, दर दिवाळीले, आम्ही यावरून तावातावानं भांडलो. मागच्या उन्हाळ्यात दादा गेला.

गाडीले मूळ रंगच द्यायचा म्हणून आज मी निळ्याचा डबा घेऊन पोहोचलो, तर पेंटर रशीदभाईनं हाक मारली.

"भाऊ, असली रंग पाह्यचा असन तर दाराच्या बिजागरीमागं घासा. तिथवर दुसरा रंग कोणी नीट मारत नाई."

त्यानं पॉलिश पेपर घासला. पांढऱ्याखालून हिरवा निघाला. धानाच्या पऱ्ह्यासारखा, नुकत्या उगवलेल्या रोपांसारखा कोवळा हिरवा. दादा अगदी असंच सांगे.

"मग हा निळा वापस करू का, भाऊ?"

निळा मारला असता, तरी अख्ख्या चंद्रपुरात मले खोटं पाडणारं आता कोणी उरलं नाई.

"करा वापस," म्हटलं. "हिरवाच मारा."

तुमच्या घरी आहे का हो कोणी, तुम्हाले खोटं पाडणारं?