पहिली धाव काकूंची

"वरून काय बघतोस? खालून बघ!"

हे काकू फक्त मोटारीबद्दल म्हणत असं नाही. लग्नात जेवायला बसल्या की ताट उलटं करून बघत. सोसायटीत नवी लिफ्ट आली, तर सगळे आरशात केस नीट करत होते आणि काकू खालच्या खड्ड्यात डोकावत होत्या. मी हौसेने स्कूटर आणली तेव्हा पेढा हातात धरून रस्त्यावरच उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "तेल गळतंय." खरंच गळत होतं. पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचे गाळे शेजारी शेजारी. माझ्याकडे छपाई: लग्नपत्रिका, बिलबुकं, पुढे पुढे फ्लेक्स. त्यांच्याकडे लेथ, लोखंड कातायचं यंत्र. गियर बनवणाऱ्या एका कंपनीत त्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या. कंपनी बंद पडली तेव्हा इतरांनी मिळालेल्या पैशांत मुलांची लग्नं उरकली, काकूंनी लेथ घेतला. मूळच्या रत्नागिरीकडच्या, राहायला जवळच्याच पूनम सागर वसाहतीत, आणि आवाज असा की माझं मशीन धडधडत असतानाही त्या कुणाला झापतायत ते शब्दन् शब्द ऐकू येई. बहुतेक वेळा मलाच झापत असत.

तर एक दिवस स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखानदाराचा मुलगा त्यांच्याकडे काँटेसा घेऊन आला. चालवत नाही, ओढून. वडिलांची जुनी गाडी. अंधेरीला नेऊन त्याने तिच्यात दांडगं टर्बो इंजिन बसवलं होतं, ड्रॅग रेससाठी. ही रेस काय असते ते मलाही तेव्हाच कळलं: दोन गाड्या, एक सरळ रस्ता, आधी पोचेल तो जिंकला. पण पहिल्याच झटक्याला शाफ्टची, म्हणजे गियरबॉक्सकडून मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या लांब नळीची, जिलबी झाली होती आणि मागच्या ॲक्सलमधले, म्हणजे चाकांच्या आसातले, दात तुटून तेलात पडले होते.

काकू गाडीखाली शिरल्या आणि बाहेर आल्या त्या भडकूनच. "अंगात हत्ती घातलास, पाय शेळीचे ठेवलेस?"

"आंटी, इंजिन तो टॉप का है ना."

"मग इंजिनच घेऊन पळ. गाडी कशाला हवी?"

मजुरीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "मजुरी नको. पहिली धाव मी पळवणार. बाकी सामान तुझं, शाफ्ट माझ्या पदरचा. माझी धाव झाली की तो तुझा."

मुलगा हसला. "पक्का, आंटी. फर्स्ट रन आपका. जबान दी." साक्षीला मी होतो. चहा मीच सांगितला होता.

मग काकूंनी एका जुन्या पिकअपचा जाडजूड मागचा ॲक्सल आणला आणि दोन्ही बाजूंनी कापून काँटेसाच्या मापाचा केला. शाफ्टला जाड नळी घेतली, टोकांना ट्रकचे जॉइंट बसवले. तो फिरताना थरथरू नये म्हणून किती दिवस त्याचा तोल साधत होत्या. शेवटी कुठलं टोक कुठे बसवायचं त्याच्या पांढऱ्या खुणा केल्या. आता मी पडलो छपाईवाला, मला डाग सहन होत नाहीत. त्या जेवायला गेल्या तेवढ्यात मी शाफ्ट रॉकेलने लख्ख पुसून ठेवला. शाबासकी मिळेल म्हणून उभाही राहिलो.

"तुझ्या पत्रिकेतला नवरा पुसला तर लग्न लागेल का रे?" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या काळात एका पत्रिकेत मी खरोखरच भलत्याच नवऱ्याचं नाव छापलं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर काकू गाडी बरी चालवत नसत. गल्लीत वळताना केळीवाल्याची हातगाडी त्यांनी आडवी केली होती. "रेसमध्ये वळायचं नाही ना? मग झालं तर," त्या म्हणत. रोज दुपारी, डबा खाल्ल्यावर, स्टँडवर चढवलेल्या त्या काँटेसात त्या एकट्या बसत. इंजिन बंद. डोळे मिटलेले. क्लच दाब, गियर टाक, क्लच सोड. एकदा मी बाहेरून तोंडाने 'घर्रर्र' असा आवाज काढला, तर पाना फेकून मारला.

रेसच्या दिवशी माझ्या व्हॅनमधून आम्ही विमानांच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर पोचलो. काकूंनी साडी सोडून सलवार-कमीज घातला होता, पायात बूट. आणि काय बघतो, तर गाडीजवळ हेल्मेट घातलेला एक भाडोत्री तरुण उभा.

"आंटी, बुरा मत मानना," कारखानदाराचा मुलगा म्हणाला. "सेफ्टी का इश्यू है. लेकिन आपके लिए सरप्राइज है!"

सरप्राइज म्हणजे शाल आणि श्रीफळ. माइकवरून 'मातृतुल्य' वगैरे झालं, टाळ्या पडल्या. मंडळी, हे आपलं ठेवणीतलं हत्यार. तुम्हीही पाहिलं असेल, कदाचित तुमच्या खांद्यावरही पडलं असेल. माणसाला त्याचं हक्काचं द्यायचं नसलं की आपण त्याचा सत्कार करतो. सेफ्टीची काळजी होती तर ती जबान देताना कुठे गेली होती? काम करून घेताना आंटी चालतात, खाली झोपून हात काळे करायला आंटी चालतात, स्टिअरिंगवर नको! माझी कानशिलं तापली. पुढे होऊन चार शब्द सुनावावेत म्हणून मी तावातावाने निघालो आणि माइकच्या वायरीत पाय अडकून आपटलो. लोकांना वाटलं, करमणुकीचा कार्यक्रम आहे.

टायर बदलायला गाडीची मागची बाजू अजून स्टँडवरच होती. काकूंनी नारळ पुढच्या चाकाखाली अडकवला. शाल जमिनीवर अंथरली आणि पाना घेऊन तिच्यावर उताण्या होऊन गाडीखाली गेल्या. सगळ्यांना वाटलं, बिचारी शेवटची तपासणी करतेय. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, तेव्हा हातात शाफ्ट होता.

"आंटी! ये क्या?"

"माझी धाव झाली की तुझा, असं ठरलं होतं. झाली का?"

भाडोत्री तरुणाला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याने इंजिन चालू करून गियर टाकला. इंजिन डरकाळ्या फोडत होतं आणि मागची चाकं ढिम्म. बघे इतके हसले की माझं पडणं विसरून गेले.

परतताना शाफ्ट आम्हा दोघांच्या मधून मागपर्यंत आडवा पसरला होता, तेलकट शालीत गुंडाळलेला. घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. काकू खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला पळवायची होती रे."

माझा जीव कळवळला. पुढे सरळ मोकळा रस्ता दिसत होता. मी व्हॅन कडेला घेतली आणि म्हणालो, "काकू, ही चालवता? घ्या, पळवा हवी तेवढी."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण नजर तशीच कडक.

"तू पण सत्कार करायला लागलास?"

मी पहिला गियर टाकला.

पुढे काही वर्षांनी काकू गेल्या तेव्हा इस्टेटीच्या कमिटीचे लोक माझ्याच गाळ्यात आले. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स हवा होता. कोपऱ्यात काकूंचा पासपोर्टएवढा फोटो, आणि खाली हात जोडलेले सगळे पदाधिकारी, चांगले मोठाले.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

मशीन आत धडधडत होतं. त्यांनाही ऐकू येत होतं. मी दारातून हललो नाही.