इवायाच्या घरचं तूप

जर्मनच्या लढाईत साखर मिळेनाशी झाली, तरी माझं पोट काही कमी झालं नाही. मुर्रीला आमची धानाची शेती होती आणि गोंदियात तांदळाचं दुकान. सकाळी बैलांच्या दमणीत बसून दुकानात जायचं, दिवसभर गादीवर टेकायचं आणि दिवेलागणीला त्याच दमणीतून परत यायचं. चाळिशी ओलांडली तेव्हा मी चांगलाच सुटलो होतो. लोकांना ते आवडायचं. "शेठजी बरे दिसून राहिले," असं ते म्हणायचे आणि मलाही ते खरंच वाटायचं.

एका दुपारी स्टेशनातल्या पुलाचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून मी पायरीवरच बसलो. कानांत शिट्टी वाजत होती. सोबत शेजारचा कापडवाला होता. त्यानं मला दुकानात न नेता थेट डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर हिंदी बोलणारे होते. बोलणं मोजकं. त्यांनी माझ्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळला आणि रबराचा फुगा दाबत गेले. समोरच्या नळीत पारा सरसर वर चढला. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "खाते क्या हो?"

मी सांगितलं. भात, त्यावर तूप, लाखोरीची डाळ, लोणचं, पापड, सणावारी वडे. सांगता सांगता माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

"नमक कम, घी कम. वजन उतारो. दमनी छोड़ो, पैदल चलो. खून का दबाव बढ़ गया है."

"और दवा?"

"यही दवा है," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, घाबरली नाही. लोणच्याची बरणी तिनं वरच्या फळीवर ठेवली आणि माझ्या ताटात लिंबाची फोड वाढली. पहिले काही दिवस डाळ म्हणजे पिवळं पाणी वाटायचं. मग जीभ रुळली. मुर्रीहून दुकानापर्यंत मी पायी जाऊ लागलो. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, "काऊन जी, बैल बिमार आहेत काय?"

असं सगळं सुरळीत चाललं असताना अर्जुनीहून बारशाचं बोलावणं आलं. आमची मुलगी तिकडे दिली होती. तिला पहिला मुलगा झाला होता. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे माझे इवाई तलावाखालच्या शेतीचे धनी, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे आणि माझ्याहूनही दांडगे. ते खाटेवर बसले की खाट कुरकुरायची.

पंगतीत इवाई स्वतः तूप वाढत होते. माझ्यापाशी आले तसा मी ताटावर हात आडवा धरला.

"बस, इवाईबुवा. डॉक्टरनं मना केलं आहे."

"डॉक्टर गोंदियाचा. अर्जुनीत त्याचं चालत नाही," ते म्हणाले. पंगत हसली. मी हात काढला नाही. तसे ते तूप घेऊन तिथंच उभे राहिले. चेहरा उतरला.

"आमच्या घरचं तूप वास मारून राहिलं काय?"

आतल्या दारात मुलगी बाळाला घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला त्या घरात नांदायचं होतं. मी हात बाजूला घेतला. तूप पडलं, त्यामागून वडे आले, आणि मी मुकाट्यानं जेवलो.

सकाळी उठलो तेव्हा डोकं ठणकत होतं. कुणाला न सांगता मी तलावाच्या पाळीवर चालायला गेलो. पाण्यावर धुकं होतं, कडेला बदकं होती. अर्धी पाळ चाललो असेन, तोच मागून हाका आल्या. वळून पाहतो तर इवाई अनवाणी पळत येत होते. खांद्यावरचा पंचा केव्हाच गळून पडला होता.

"इवाईबुवा, रुसून जाऊन राहिले काय?" एवढं विचारेपर्यंत त्यांचा दम सरला. ते दगडावर बसले. चेहरा काळाठिक्कर पडला होता. मी उपरण्यानं वारा घातला.

"रुसलो नाही. फिरायला आलो."

"फिरायला? कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. नुसताच."

कामाशिवाय कुणी चालतो, हे त्यांना पटेना. मी त्यांना डॉक्टर, पारा, जिना, सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मलेही असंच होते जी. डोकं जड राहते. बैलबंडीत चढताना दम लागते. घरी सांगितलं नाही."

"काऊन?"

"सांगितलं तर जेवण बंद करतील."

मला हसू आलं, मग त्यांनाही आलं. पाळीवर आम्ही दोन जाडे गृहस्थ पोट धरून हसत बसलो.

त्याच आठवड्यात मी त्यांना छोट्या लायनीच्या आगगाडीनं गोंदियाला आणलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला. पारा माझ्याहून वर गेला. बाहेर आल्यावर इवाई म्हणाले, "पाहिलं ना? आमचा जास्त निघाला." टांग्यात बसल्यावर मात्र माझा हात धरून म्हणाले, "नातवाचं लगन पाहायचं आहे जी."

"पाहू की. आधी मीठ कमी करा."

अडचण आली ती विहीणबाईंची. "इवाई आले तर ताटात वाढू काय? उकडलेला भोपळा?" त्या रागावल्या होत्या आणि त्यांचंही खरं होतं, वाढण्यातच त्यांचा मान होता. दोन दिवस त्या विचार करत होत्या. मग त्यांनी तोड काढली. आग्रह पोटभर करायचा, वाढायचा एकच वडा. तेव्हापासून त्या घरी पंगतीत विहीणबाई रिकाम्या हातानं समोर उभ्या राहून म्हणत, "घ्या ना जी अजून, लाजू नका," आणि मी म्हणत असे, "बस, बस, फार झालं."

इवाई आमच्याकडे आले की पहाटे मी त्यांना कुडव्याच्या वाटेनं नेत असे. मी अर्जुनीला गेलो की पाळ ठरलेली. सुरुवातीला ते भेटेल त्याच्याशी बोलत थांबायचे, त्यामुळे चालणं कमी आणि गप्पा जास्त व्हायच्या. पुढे ते स्वतःच्या शेतावरही पायी जाऊ लागले. गडीमाणसं हैराण झाली, कारण बंडीचा आवाज आधी कळायचा आणि आता मालक एकदम बांधावर उभे दिसायचे.

एवढ्यात गावोगाव बोलणं पसरलं की दोन्ही इवायांचं बिनसलं, एकमेकांच्या घरी धड जेवत नाहीत. आमचं भांडण मिटवायला गोरेगावाहून एक वडीलधारे नातेवाईक बंडी जुंपून अर्जुनीला आले. त्यांचं पोट आमच्या दोघांच्या बरोबरीचं. त्यांनी मलाही तिथं बोलावून घेतलं, आम्हाला दोन बाजूंना बसवलं आणि नात्यागोत्याविषयी बराच उपदेश केला. आम्ही मान डोलावत ऐकलं. ते थांबल्यावर इवाई उठले.

"चला जी, बाकीचं पाळीवर बोलू."

ते आले खरे, पण थोड्या अंतरावर जाऊन धापा टाकत बसले. मग घाम पुसत त्यांनी हळूच विचारलं, "तो डॉक्टर बसतो कुठं?"

पुढं माझा पारा खाली आला. डॉक्टर म्हणाले, "ठीक है, मगर चलना मत छोड़ना." इवायांचा तेवढा उतरला नाही, पण डोकं हलकं झालं आणि सदरे शिंप्याकडून आत घ्यावे लागले. बाजारात लोक मला आता काळजीनं विचारायचे, तब्येत बरी नाही काय. मी हसून नमस्कार करायचो आणि पुढं चालू लागायचो.