काढून टाकलेला प्रश्न

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मेंटेनन्सवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी बरीच वर्षं चालवला. नियम माझाच. मशीनचा बिघाड आणि त्यावरचा उपाय, बाकी काही नको. दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनचे फोटो यायचे, तेही मी काढून टाकायचो. एकाने कुरकूर केली, "सर, फोटोत मशीनच आहे की!" मी विचारलं, "मग बिघाड कुठंय?" सगळे हसले. या कडकपणाचा मला फार अभिमान होता.

पॉवर प्रेसला एक सेन्सर असतो. कामगाराचा हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. मूळचा देवळ्याचा एक मेंबर ज्या कारखान्यात कामाला होता, तिथं तो सेन्सर बिघडला होता, नवा यायला आठवडा लागणार होता. साहेबांच्या सांगण्यावरून त्याने ग्रुपवर विचारलं, तोवर प्रेस चालवायची कशी? मी कागदावर आकृती काढून फोटो टाकला. या दोन जागा वायरच्या तुकड्याने जोडा, सेन्सर नसल्यासारखी प्रेस चालेल. पटापट अंगठे आले. कुणी लिहिलं, "मानलं सर." विषयाला अगदी धरून होतं ते.

दुपारी त्याचाच दुसरा मेसेज आला. "सर, वायर टाकली. आता साहेब म्हणतात माणूस बसवून माल काढ. हात आत जातोय त्याचा. मी नाय म्हणू का? तुम्ही काय केलं असतं?"

मिनिटाभरात मी तो सगळ्यांच्या फोनवरून काढला. खाली लिहिलं, "हा मॅनेजमेंटचा विषय आहे. कृपया विषयाला धरून बोला." त्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं, "सॉरी सर."

विषयाचं निमित्त होतं. त्याला उत्तर द्यायचं तर सकाळची माझीच वायर काढा म्हणावं लागलं असतं, तेही अंगठे देणाऱ्यांसमोर.

तिसऱ्या दिवशी प्रेसवरच्या माणसाची दोन बोटं गेली.

चौकशी बसली आणि त्याचा फोन आला. "सर, एवढंच लिहून द्या, की माणूस बसवायच्या आधी मी विचारलं होतं. साहेब म्हणतात, यानं मनानंच वायर टाकली अन् मनानंच मशीन चालू केलं."

"कधी विचारलं होतं तुम्ही?"

"त्याच दुपारी. तुम्ही काढला ना तो मेसेज. माझ्या फोनातनंबी गेला."

"अहो, रोज इतके मेसेज काढतो मी. कसं आठवणार?"

तो म्हणाला, "खरं हाय सर. लय मेसेज येत असतील तुम्हाला."

टोमणा होता की त्याला खरंच पटलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र मेसेजचा शब्द न् शब्द आठवत होता. वर लिहिलाय तो तसाच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

त्याला नोकरीवरून काढलं. कुणीतरी ग्रुपवर विचारलं, "त्याच्यासाठी काही करता येईल का?" तो प्रश्नही मी काढून टाकला. नोकरीचे विषय आपल्याकडे चालत नाहीत, असं लिहिलं. त्यावरही दोन-तीन अंगठे आले.